सकाळची गोळी परेड

६ जानेवारी १९७४, कुंडल

वीस वर्षं पलटणीत काढली, त्यातली सोळा मेडिकलमध्ये. ताप मोजण्यापासून मढी बांधण्यापर्यंत सगळं या हातांनी केलंय. तेव्हा औषधपाण्याच्या बाबतीत गावातल्या कुणी हवालदार सयाजीला अक्कल शिकवू नये, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

दिवाळीला पेन्शनवर घरी आलो आणि आल्याबरोबर सकाळी सहाची गोळी परेड चालू केली. अंगणात चुन्याची रेघ मारलीय. शिट्टी झाली की रेघेवर उभं राहायचं, डाव्या हातात पाण्याचा मग्गा, उजवा तळहात पुढं. मी डब्यातून गोळी देतो. माझ्यादेखत गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. पलटणीत हिवतापाची गोळी अशीच द्यायचो, नाहीतर जवान ती गालात धरून मागं जाऊन थुंकतात. इथं हिवताप नाही. इथं ए.पी.सी. देतो. डोकं, अंग, कणकण, सगळ्यावर चालते. आधी मी स्वतः दोन गिळून दाखवतो, कारण हवालदारानं पुढं असायला पाहिजे.

विजयमाला, म्हणजे माझी बायको, रोज वेळेवर हजर असते. बासष्ट साली रजेवर आलो होतो तेव्हा तिचं डोकं सारखं ठणकायचं, म्हणून पहिला डबा मीच आणून दिला. पुढं दर रजेला एक डबा, मधे पार्सल. बारा वर्षांत बाई एक दिवस झोपून राहिली नाही. दिवसाला सहा गोळ्या घेते आणि घर, गोठा, रान सगळं बघते. पोरगा नाथाजी पण फौजेतच गेलाय, झाशीला. त्यामुळं घरात आम्ही तिघंच.

तिसरा माझा धाकटा भाऊ आकाराम. हा चिलीम ओढतो. गांजा. शिव्या देऊन झाल्या, हात उचलून झाला, विठोबाच्या पायाची शपथ घालून झाली. आता शास्त्रानं बघतो. आमच्या हॉस्पिटलात साहेब लोक दोन पेशंट शेजारी शेजारी ठेवून तुलना करायचे. तसंच करायचं. विजयमाला सदतीस वर्षांची, आकाराम अडतीस. एकच घर, एकच भाकरी, एकच विहिरीचं पाणी. एकाला गांजा, दुसरीला औषध. वहीत दोन रकाने काढलेत. वर्षाअखेर दोघांच्या तब्येती समोरासमोर मांडीन आणि ही वही आकारामच्या तोंडावर मारीन.

१६ जानेवारी

आकाराम: आज चार चिलमा. सकाळी खोकला. सरीत पाणी सोडून बांधावर बसून राहिला, पाणी शेजाऱ्याच्या उसात गेलं. शेजाऱ्याचं ऐकून घ्यावं लागलं.

विजयमाला: सहा गोळ्या. संक्रांतीचा तिळगूळ तिनं तोंडात घातला आणि बाहेर जाऊन टाकला. म्हणते, तांब्याचा पैसा तोंडात धरल्यासारखं लागतंय. गुळात खोट असणार म्हणून गुऱ्हाळवाल्याला जाऊन बोललो. त्यानं तोच गूळ मला चाखायला दिला. चांगला गोड होता.

८ फेब्रुवारी

शेजारच्या राहीबाईंनाही परेडला येण्याचा आग्रह केला, गुडघे दुखतात म्हणून. म्हातारी रेघेवर उभी राहिली, गोळी बघितली आणि म्हणाली, "मला काय लढाईला जायाचंय?" आणि निघून गेली. गावात सुधारणा करणं किती अवघड आहे बघा.

हिच्या हाताला अलीकडं कंप येतो. मग्ग्यातलं पाणी सांडतं. ती उभी राहते तिथली जमीन दिवसभर ओली दिसते. रात्री चार-पाच वेळा उठून लघवीला जाते, त्यानं झोप होत नाही, झोप नाही म्हणून डोकं दुखतं, डोकं दुखतं म्हणून गोळी लागते. तरी बरं, गोळी आहे.

आकारामच्या रकान्यात लिहायला काही नाही. मळणी नीट केली. हे लिहिताना मला आवडलं नाही, पण जे आहे ते लिहायचं असं ठरवलंय.

१ मार्च

हिचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो, सकाळी जास्त. रंग उतरलाय. गावातल्या बायका म्हणतात, विजयमाला गोरी झाली. मलाही पहिल्यांदा कौतुक वाटलं. पण ही गोरेपणाची तऱ्हा नव्हे. नखंसुद्धा पांढरी झालीत.

कारण शोधलं. आकाराम सोप्यात बसून ओढतो आणि धूर सैपाकघरात जातो. ही दिवसभर त्या धुरात असते. म्हणजे गांजा ओढणाऱ्यापेक्षा शेजारच्याला जास्त बाधतो. हा शोध मोठा आहे. आकारामला गोठ्यात बसायला सांगितलं. तो चिलीम घेऊन उठला.

माझे बूट तंग व्हायला लागलेत. कातडं आकसलं असेल.

१० मार्च

होळी झाली. पुरणपोळी हिनं केली, पण खाल्ली नाही.

दुपारी आकाराम गोठ्यातून उठून माझ्याकडं आला आणि समोर बसला. डोळे लाल होते, पण बोलणं सरळ होतं. म्हणाला, "दादा, वैनीला गोळ्या देऊ नगंस."

मी विचारलं, तू कुठल्या मेडिकलमध्ये होतास?

"मी न्हवतो. पर मला एक म्हाईत हाय. चिलीम न्हाई मिळाली तर माजा हात कसा व्हतो ते मला म्हाईत हाय. वैनीचा हात तसाच व्हतोय गोळीच्या येळंला."

गांजेकस माणूस माझ्या बायकोला आपल्या पंगतीला बसवतो. डबा आणून त्याच्यापुढं आपटला. हे सरकारमान्य आहे, म्हटलं, लेबल वाच, तुझ्या पुडीवर कुठलं लेबल असतं? त्याला वाचता येत नाही. तो डब्याकडं बघत बसला आणि मग उठून गेला. मी बरोबर होतो. तरी संध्याकाळपर्यंत जेवण गोड लागलं नाही.

२ एप्रिल

अंगाला खाज. हिच्या हातापायांवर ओरखडे उठलेत. कडुनिंबाच्या पाल्यानं आंघोळ घातली, फरक नाही. श्वासाला वास येतो. कसला म्हणून आठवत होतो, आज आठवलं. पलटणीत खेचरांचा तबेला असायचा, तसला. मी खिडक्या उघड्या ठेवतो. वास गोठ्यातून येत असेल असं म्हणून गोठाही धुऊन घेतला, पण वास गोठ्याला नाही.

२१ एप्रिल

हे लिहू की नको असं झालंय. लिहितो.

दुपारी दोनचा सुमार. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मी सोप्यात पडलो होतो. ही उंबऱ्यात उभी राहून कुणाशी तरी बोलत होती. मला वाटलं राहीबाई. उठून बघितलं तर अंगणात कुणी नाही. ही मात्र रेघेकडं बघून हसत होती, माहेरी गेल्यावर हसते तशी. मी विचारलं कोण आहे. म्हणाली, "आई रेघंवर हुबी हाय. हात म्होरं केलाय बगा. तिला पण द्या की."

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली.

मी हिला आत नेऊन निजवलं. मग खिडकीतून बघत बसलो. कोंबड्या दाणे टिपत टिपत रेघेपर्यंत आल्या आणि तिथनं वळसा घालून गेल्या. कोंबड्यांचं काय, त्या कशालाही वळसा घालतात. पण तीनदा घातला.

गांज्यानं माणसाला भास होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण भास आकारामला व्हायला पाहिजेत. तो बांधावर बसून बैलाच्या शिंगांना तेल लावत होता.

१२ मे

रेल्वेचा संप चालू आहे. गाड्या बंद. पुण्याच्या घाऊक दुकानातनं येणारं माझं गोळ्यांचं पार्सल कुठंतरी अडकलंय. डबा परवा संपला.

एका अर्थी बरं झालं असं म्हटलं, तुलना पुरी होईल. आकारामला बोलावून सांगितलं, वैनीची गोळी बंद आहे तोवर तुझी चिलीमही बंद. तू म्हणतोस ना दोन्ही सारखंच, मग दाखव. तो लगेच व्हय म्हणाला. चिलीम माझ्या हातात दिली.

१६ मे

आकाराम: चार दिवस चिलीम नाही. चिडचिड करतो, झोप नाही, भाकरी कमी खातो. काल बैलाला उगाच मारलं आणि नंतर त्याच्या गळ्यात हात घालून बसला. बाकी ठीक.

विजयमाला: काल दुपारी रानातून आलो तर घरात खुडबुड. ही ट्रंकेपुढं बसली होती. माझे गणवेश, पदकं, नाथाजीची पत्रं, सगळं जमिनीवर पसरलेलं. जुना रिकामा डबा तिच्या मांडीवर होता. ती आत बोट फिरवत होती आणि बोट चाटत होती. मला बघून थांबली नाही. बावीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्या ट्रंकेला कधी हात लावला नव्हता. डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "आवं, आत कुणीतरी कुदळ मारतंय. एक द्या. एकच द्या."

मी घाबरलो, हे मान्य करतो. लढाईत घाबरलो नव्हतो एवढा. सायकल काढली आणि पलूस, तासगाव पालथं घातलं. तासगावात दोन पाकिटं मिळाली. गोळ्या आणून दिल्या तशी पाव तासात शांत झाली आणि भांडी घासायला बसली. यावरून औषधाची तिला किती गरज आहे ते सिद्ध होतं.

असं वर लिहिलं. पुन्हा वाचलं. खोडत नाही, पण पुढं लिहवेना.

२ जून

संप मिटला, पार्सल आलं. चार डबे. परेड पुन्हा चालू. आकारामनं एकोणीस दिवस चिलीम ओढली नाही, परवा पुन्हा ओढली. त्याच्या रकान्यात "हरला" असं लिहिलं. त्यानं विचारलं काय लिहिलंस, मी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, मी तर हरलेलाच हाय, वैनीच्या खाली काय लिवलंस? तिच्या खाली मी काहीच लिहिलं नव्हतं.

बुटाच्या नाड्या सैल बांधतो. तरी घोट्यावर वळ उठतो, बोट दाबलं तर खड्डा राहतो. उन्हाळ्याचं होतं असं.

८ जून

आज परेडला ही आली तेव्हा तिच्या तोंडावर राख होती. कपाळ, नाकाच्या बाजू, ओठांच्या वर. पांढरी, बारीक, दव पडावं तशी. मी म्हटलं तोंड धुऊन ये. धुऊन आली, स्वच्छ झाली. दुपारी बघतो तर पुन्हा.

राहीबाईंनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, ही कुणीतरी लावलेली हाय, सयाजी, तू कसला औषिद करतोस, जाणत्याला बोलीव. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण राख कुठनं येणार? घरात राख असणारा एकच माणूस आहे. त्याच्या चिलमीची राख. कुण्या गोसाव्याच्या नादानं काहीतरी उतारा करून तो हिला फासत असणार. मी गोळी बंद करत नाही म्हणून.

९ जून

त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "दादा, ती राख न्हवं. मी काल तिच्या कपाळावरनं बोटावर घेतली, जिबंला लावली. खारट हाय. तिच्या आतनंच येतीया."

माझ्या बायकोच्या कपाळाला बोट लावलंस हे कबूल करतोस, म्हटलं. त्यानं माझे पाय धरले आणि मिरजेला ने, मिरजेला ने, एवढंच म्हणत राहिला. मला ते ढोंग वाटलं. मी वर ओढून एक थोबाडीत दिली. ही आतनं बघत होती, पण काय चाललंय ते तिला कळत होतं असं वाटत नाही.

१० जून

पोलिसात वर्दी दिली. कडब्याच्या गंजीत पिशवी कुठं असते ते मला ठाऊक होतं, ते दाखवलं. दोघं शिपाई आले आणि घेऊन गेले. आकारामनं हात पुढं केले. जाताना उंबऱ्याशी थांबून आत बघितलं फक्त.

सख्खा भाऊ आहे. पण ज्यानं घरात विष आणलं तो बाहेर गेलाच पाहिजे. उद्यापासून हिचा चेहरा स्वच्छ राहील. मग कळेल सगळ्यांना.

११ जून

सकाळी सहा. हिचा चेहरा पांढरा आहे.

आकाराम कोठडीत आहे. रात्रभर मी हिच्या उशाशी होतो. घरात आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

ओल्या फडक्यानं पुसलं. नऊ वाजता पुन्हा आलं. मी तिच्यासमोर पाटावर बसून राहिलो आणि बघत राहिलो. घाम सुकला की मागं उरतं. भुवयांवर, गालाच्या हाडावर, हळूहळू. कुणी लावत नाही. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट. खारट आणि कडू.

१३ जून, मिरज

बैलगाडी, मग यष्टी, मग टांगा. टांग्यात बारा वेळा तिनं विचारलं, "आवं, शिट्टी झाली का?" दर वेळी हात पुढं करायची. मी दर वेळी म्हटलं, अजून नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी माझा नंबर, रँक, सर्व्हिस सांगितली आणि ही वही पुढं ठेवली. म्हटलं, साहेब, जानेवारीपासूनचा रिपोर्ट आहे, गांज्याच्या धुराची केस आहे. डॉक्टर पन्नाशीचे, चष्म्याचे. त्यांनी हिला तपासलं, रक्त काढायला सांगितलं आणि वही घेऊन खिडकीशी बसले. मी समोर सावधानमध्ये उभा. ते पेन्सिलीनं खुणा करत होते. मला वाटलं आकारामच्या रकान्यात करताहेत. वाकून बघितलं तर सगळ्या खुणा दुसऱ्या रकान्यात होत्या. तांब्याचा पैसा. रात्री उठणं. चेहऱ्यावर सूज. नखं. खाज. खेचरांचा वास.

वही मिटून म्हणाले, "सगळं लिहिलंय की तुम्ही, हवालदार."

मग त्यांनी विचारलं, गोळ्या कधीपासून? मी म्हटलं, बासष्टच्या रजेपासून. रोज? रोज. सहा? सहा, कधी आठ. त्यांनी कागदावर काही मांडायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं.

जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "अधूनमधून दोन गोळ्या घेतल्या तर काही होत नसतं. पण या गोळीत तीन औषधं आहेत, त्यातलं एक वर्षानुवर्षं पोटात गेलं की मूत्रपिंडं आकसतात. दुखत नाही, कळत नाही. यांची दोन्ही गेलीत. जे लघवीतून जायला पाहिजे ते आता कातडीतून बाहेर पडतंय. तोंडावर दिसतं ते तेच."

मी विचारलं, आणि गांजा? एवढं ऐकूनसुद्धा विचारलं मी. ते म्हणाले, "गांजा वाईटच. त्यानं भावाची छाती बिघडेल, डोकं बिघडेल, शेतीकडं लक्ष राहणार नाही. त्याला सोडवा त्यातून. पण बाईंना त्यानं काही केलेलं नाही."

उपाय विचारला. मुंबईला एक मशीन आहे म्हणाले, पण एवढ्या पुढं गेलेल्याला घेत नाहीत, आणि वाटेतच जातील. घरी न्या.

निघताना त्यांनी मला विचारलं, तुम्ही स्वतः घेता का? मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते माहीत नाही.

१६ जून

फौजदारापुढं उभा राहिलो, वर्दी मागं घेतो म्हणालो. ते म्हणाले, हवालदार, हा काय खेळ आहे का, माल सापडलाय. शेवटी जामिनावर सोडला. वाटेत यष्टीत मी आकारामला सगळं सांगितलं. वाटलं होतं तो मला काहीतरी बोलेल. तो खिडकीबाहेर बघत रडत होता, पोरासारखा, नाक न पुसता.

घरी आल्यावर तो वैनीच्या पायाशी बसला. ती त्याला ओळखून म्हणाली, "भावजी, तुमी रेघंवर येत न्हाई कवा." तो म्हणाला, "येतो वैनी."

गोळ्यांचे डबे आडात टाकले म्हणून मी सगळ्यांना सांगितलं. तीन टाकले.

२४ जून

सकाळी सहाला गेली. शिट्टी मी वाजवत नाही आता. तरी बरोबर सहाला तिनं उजवा हात उचलला, तळवा वर केला, आणि हात तसाच राहिला. आकारामनं तो मिटवला. मला जमलं नाही.

पुसलं तरी कपाळावर ते येतच होतं. गेल्यानंतरही थोडा वेळ.

३ जुलै

दहावा. ओढ्याकाठी पिंड ठेवला. बाभळीवर पाच-सहा कावळे, पण एकही खाली येईना. नाथाजी झाशीहून आलाय, त्यानं हात जोडून सांगितलं, आई, मी पुढच्या रजेला लग्न करतो. कावळे बसून राहिले. मी सांगितलं, आकाराम याच घरात राहील, त्याच्या वाटणीला कुणी हात लावणार नाही. बसून राहिले. राहीबाईंनी पुरणपोळी ठेवली, हिरवी चोळी ठेवली. तास झाला, दीड तास झाला. ऊन वर आलं. भाऊबंद एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

तिला काय पाहिजे ते सगळ्यांना कळलं होतं. आकाराम माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दादा, खिशात असतील तर ठेव."

त्याला कसं कळलं? गांजेकसाला कळतं असलं. मी सदऱ्याच्या खिशात हात घातला. रोजच्या दोन होत्या. सगळ्या भावकीदेखत त्या बाहेर काढल्या आणि पिंडाशेजारी पत्रावळीवर ठेवल्या. मी पाच पावलं मागं सरलो नसेन, तोवर मोठा कावळा सरळ खाली आला. भाताकडं बघितलं नाही, पोळीकडं बघितलं नाही. एक गोळी चोचीत धरली, मान वर करून गिळली. मग दुसरी. मग माझ्याकडं बघून चोच उघडली.

परेडला तोंड उघडून दाखवतात तशी. आत काही नव्हतं.

बायकांनी रडायला सुरुवात केली. "शिवला," आकाराम म्हणाला. लोक उठले, आंघोळीला गेले. मी तिथंच बसून होतो. सोळा वर्षांत किती माणसं औषधानं उठवली त्याची नोंद कुठंतरी सरकारी कागदात असेल. घरातलं एक माणूस मी हातावर मोजून मोजून मारलं, त्याची नोंद या वहीत आहे.

५ जुलै

काल दिवसभर गोळी नाही. डोक्यात कुणीतरी कुदळ मारतंय. हे वाक्य माझं नव्हे, तिचं आहे, पण दुसरं सुचत नाही.

सहाला आपसूक जाग आली. बाहेर आलो तर आकाराम रेघेवर उभा. जन्मात कधी उभा राहिला नव्हता. चिलीम रेघेवर ठेवलेली, दोन तुकडे केलेली. उजवा तळहात माझ्यापुढं.

"चौथा डबा दे," म्हणाला. "मी सोडली. मला लय तरास हुईल, मी तुला शिव्या देईन, तू ऐकून घे. तुला हुईल तवा मी ऐकून घेईन."

मी ट्रंकेची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्यानं डबा काढला आणि आडाकडं गेला. आत पडल्याचा आवाज ऐकून मग मी रेघेकडं वळलो. पावसानं ओढ दिलीय, सगळं अंगण कोरडं होतं, पण तिची जागा ओली होती. तीन आठवडे तिथं कुणी मग्गा धरलेला नाही. मी वाकून हात लावून बघितली. थंड, ओली. आकारामला दाखवली. त्यानंही हात लावला. त्या जागेला वळसा घालून आम्ही आत आलो.

या रविवारी मिरजेला जाऊन डॉक्टरांना खरं सांगायचं आहे. वहीत तिसरा रकाना काढलाय. वर माझं नाव.

सयाजी: बूट चढत नाहीत. रात्री चार वेळा उठलो. आकारामनं गूळ घालून चहा दिला. मी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. त्यानं विचारलं, कसा झालाय? मी म्हटलं, चांगला झालाय.

तांब्याच्या पैशासारखा लागला.